भूतान वीज विकतो, मग तिथली मुलं देश का सोडतायत?

वाटसरू
भूतानबद्दल वाचतोय. लोकसंख्या आठ लाखांच्या आत, शाळा-दवाखाना सरकारी खर्चाने, वीज विकून भारताकडून पैसा येतो. डिसेंबर २०२३ मध्ये अल्पविकसित देशांच्या यादीतूनही बाहेर पडला. तरी शिकलेली मुलं ऑस्ट्रेलियाची वाट धरतायत. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय?

जमाखर्च
आधी चलन बघा. ङुलत्रुम भारतीय रुपयाशी एकास एक बांधलेलं आहे आणि रुपया तिथे सर्रास चालतो. पण तो त्यांना छापता येत नाही, कमवावाच लागतो. डिझेल, तांदूळ, गाड्या, सगळं बाहेरून. २०१२ मध्ये रुपयांची टंचाई झाली तेव्हा गाड्यांची आयात थांबवली, घर-गाडीची कर्जंही. ऑगस्ट २०२२ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी आटली, पुन्हा गाड्यांवर बंदी.

पाणलोट
२०११ ते २०१४ मी भूतानमध्ये वांगडूजवळ पुनात्सांगछू-१ या जलविद्युत प्रकल्पाच्या कामावर होतो. मोजमापं लिहायची, बिलं करायची. टंचाईच्या दिवसांत आमचा किराणा जिथून यायचा, त्या दुकानाच्या बाई भारतीय नोटा वेगळ्या डब्यात ठेवत. सीमेपलीकडून माल भरायला त्याच लागायच्या.

विजेचं म्हणाल तर, जुलैत त्या नदीकाठी उभं राहून शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे. जानेवारीत त्याच पात्रात पांढरे गोटे उघडे पडत आणि मधून हिरवट धार वाहत असे. तिथले प्रकल्प वाहत्या पाण्यावर चालतात, मोठा साठा नाही. म्हणजे पावसाळ्यात वीज विकायची आणि ऐन थंडीत, घरोघरी हीटर लागलेले असताना, भारताकडूनच विकत घ्यायची.

कर्जाची तऱ्हाही बदलत गेली. छुखा हा जुना प्रकल्प ३३६ मेगावॅटचा; त्यात भारताचं ६० टक्के अनुदान, उरलेलं कर्ज ५ टक्क्यांनी. आमचा १२०० मेगावॅटचा, त्यात अनुदान ४० टक्के आणि कर्जाला १० टक्के व्याज. त्यात जुलै २०१३ मध्ये धरणाच्या जागी उजव्या काठचा डोंगर सरकला. भेगांवर चुन्याच्या खुणा करून आम्ही रोज टेपने मोजायचो. काल बोट जात होतं तिथे आज मूठ जाते, हे बघितलं की जेवण जात नसे. सुमारे ३५०० कोटींचं काम पुढे ९३०० कोटींच्या वर गेलं, आणि दहा वर्षांनीही त्यातून वीज आली नव्हती.

पण मला कर्जापेक्षा माणसांचं जास्त लागतं. कर्ज विजेच्या पैशातून फिटेल. धरण बांधताना हजारो हात लागतात, ते बहुतेक भारतातून आलेले. बांधून झालं की वीजघर मोजक्या लोकांवर चालतं. मग सरकारी पैशाने पदवीपर्यंत शिकलेल्या मुलीने करायचं काय? सरकारी नोकऱ्या थोड्या आणि खाजगी कारखाने बोटांवर मोजण्याइतके. २०२२ मध्ये तरुणांमधली बेकारी २८ टक्क्यांच्या पुढे होती.

वाटसरू
पर्यटनातून नोकऱ्या निघत नाहीत का?

पाणलोट
निघतात, म्हणूनच तर धोरण बदलावं लागलं. सप्टेंबर २०२२ मध्ये परदेशी माणसाचं शुल्क वाढवून दर रात्री २०० डॉलर केलं. माणसं येईनात, तेव्हा वर्षभरात ते १०० वर आणलं. भारतीयांना १२०० रुपये. गर्दी नको हे त्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं, पण रिकाम्या हॉटेलातल्या पोऱ्याचा पगार त्यावर निघत नाही.

त्या दुकानाच्या बाईंची मुलगी तेव्हा शाळेत होती, माझ्या बिलांच्या बेरजा गंमत म्हणून तपासायची. आता पर्थला वृद्धांची शुश्रूषा करते. तिने पाठवलेल्या पैशातून दुकानावर मजला चढला. त्या मजल्यावर राहायला सध्या कोणी नाही. खाली आई एकटी दुकान बघते.