रैन बसेरा, रात्र निवारा की नुसता निवारा?

प्रश्न : दिल्लीतल्या हिवाळ्यात सरकार बेघरांसाठी काय करतं, यावर एका मासिकासाठी लिहिते आहे. तिथल्या शहरी आश्रय सुधार मंडळाचा हिवाळी आराखडा असतो, साधारण मध्य नोव्हेंबर ते मध्य मार्च. रैन बसेरे (रात्री झोपायला सरकारी आसरा), जादा तंबू, रात्री फिरणाऱ्या रेस्क्यू टीम वगैरे. उत्तर प्रदेशात चौकाचौकांत 'अलाव' आणि 'कंबल वितरण'. रैन बसेरा, अलाव, कंबल, शीतलहर, रेस्क्यू टीम यांना मराठीत काय म्हणावं?

प्रतिसाद १ : अलाव म्हणजे शेकोटी. कंबल म्हणजे ब्लँकेट. घोंगडी लिहू नका, सरकारी वाटपात घोंगडी कोण देतो? (दिली तर बरंच होईल.) शीतलहर म्हणजे थंडीची लाट, पण हा शब्द जपून. मैदानी भागात किमान तापमान १० अंशांवर किंवा खाली आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी झालं, की हवामान खातं लाट म्हणतं. ४ अंशांवर किंवा खाली गेलं तर सरासरीही बघत नाहीत. निफाडला हुडहुडी भरली की आपले पेपर लगेच लाट आणतात, तसं नको.

प्रतिसाद २ : 'रैन' हे आपल्या 'रजनी'चंच रूप, आणि 'बसेरा'च्या मुळाशी 'वस्' धातू. तोच आपल्या 'वस्ती'त आहे. रात्री गावात थांबून पहाटे सुटणारी 'वस्तीची एसटी' आठवा. मग 'रात्रवस्ती' का नको? कानाला गोड आहे.

प्रतिसाद ३ : गोड आहे, पण वस्तीला पाहुणा येतो. ज्याला दुसरं ठिकाणच नाही तो वस्तीला कसा येईल? 'निवारा'च घ्या. वारा-पाऊस अडवतो तो निवारा, आणि 'अन्न, वस्त्र, निवारा' म्हणताना हा शब्द आपण आधीच पक्का केला आहे. हिंदीवाले तिथे 'मकान' म्हणतात. केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानातल्या योजनेलाही मराठीत 'शहरी बेघरांना निवारा' असंच म्हणत.

माझं भांडण 'रात्र निवारा'तल्या 'रात्र'शी आहे. काही वर्षं मी एका निवाऱ्यात कामाला होतो. सकाळी आठला दार बंद व्हायचं. मार्केटात रात्रभर हमाली केलेला माणूस साडेसातला यायचा, सतरंजी पसरेपर्यंत झाडूवाला डोक्यावर उभा. लग्नाच्या हॉलवर वाढपी म्हणून जाणाऱ्या बायकांचंही तेच. विचारलं की उत्तर ठरलेलं : 'नावातच रात्र आहे ना!' २००९च्या डिसेंबरात, ऐन थंडीत, दिल्लीत पुसा रोडवरचा निवारा पाडला गेला, तेव्हा ते प्रकरण अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे गेलं. २०१०मध्ये न्यायालयाने ठरवून दिलं की मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक निवारा हवा, तोही बारमाही आणि चोवीस तास. बेघर निवाऱ्याच्या त्या योजनेच्या नियमांत माणशी ५० चौरस फूट जागा धरली होती. म्हणजे कागदावर ना रात्र आहे ना हिवाळा. पाटीवर मात्र दोन्ही चिकटून बसलेत. तुम्ही तरी 'बेघर निवारा' लिहा.

प्रश्नकर्ती : पटलं. पण 'बेघर' सगळ्यांना लागू होतो का? दिल्लीत 'एम्स' रुग्णालयाच्या बाहेर कुडकुडणारे बरेच जण रुग्णांचे नातेवाईक असतात. त्यांचं गावाकडे घर आहे.

प्रतिसाद ४ : परळला टाटा हॉस्पिटलच्या फुटपाथवरही हेच. गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा अशा लोकांसाठीच चालते. त्यांना बेघर म्हटलं तर राग येईल, रास्तच आहे. तिथे 'उघड्यावर राहणारे' म्हणा.

आणि 'बेघर' आपल्याकडे दोन अर्थांनी चालतो. ग्रामपंचायतीत बेघर म्हणजे ज्याच्या नावावर घर किंवा जागा नाही तो. भावाच्या पडवीत राहत असला तरी घरकुलाच्या यादीसाठी बेघर. जनगणनेचा बेघर वेगळा : उघड्यावर, फुटपाथवर, पुलाखाली, जिन्याखाली, फलाटावर, ह्यूम पाइपात (सिमेंटच्या मोठ्या नळात) राहणारा. यांची मोजणी २८ फेब्रुवारी २०११च्या रात्री झाली. देशात सुमारे १७.७ लाख, त्यात महाराष्ट्रात २.१ लाख. लेखात हा दुसरा अर्थ आहे, तो पहिल्या परिच्छेदातच सांगून टाका. नाहीतर गावाकडचा वाचक घरकुलाच्या यादीतच घुटमळेल.

प्रतिसाद १ : रेस्क्यू टीम राहिलीच. 'बचाव पथक'?

प्रतिसाद ३ : पूर आलाय का? शिवाय रस्त्यावरच्या माणसाला रात्री येणारी सरकारी गाडी म्हणजे धरपकडच वाटते. १९५९च्या भीक प्रतिबंधक कायद्याखाली लोकांना असंच उचलून नेत. तो मुंबईचा कायदा दिल्लीलाही लागू होता. त्यातली बरीच कलमं तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८मध्ये रद्द केली, पण धास्ती राहिली. गाडी दिसली की लोक ब्लँकेट टाकून पळतात. 'उचलून आणणे' तर अजिबात नको. 'निवाऱ्यात नेणारी गाडी' असं सरळ लिहा, आणि यायचं की नाही हे त्या माणसाला विचारतात का, तेही लेखात येऊ द्या.