उदास की उदासीन? आणि 'अवसाद' मराठीत चालतो का?

रामबागकर (इंदूर): आमच्याकडे घरोघरी हिंदी पेपर, त्यामुळे डिप्रेशनला आम्ही सर्रास अवसाद म्हणतो, पुण्याची मावसबहीण हसली, म्हणे नैराश्य म्हण. विचारायचं कारण, शेजारचे काका रिटायर झाल्यापासून नुसते बसून राहायचे, सगळे म्हणत होते अवसाद आहे, आणि एमआरआयमध्ये कपाळामागे गाठ निघाली. मग आधीचं ते नेमकं काय होतं?

तात्या_ग्वाल्हेर: अवसाद संस्कृतच आहे हो, अव + सद्, म्हणजे खचणं. विषाद त्याच सद् चा, गीतेचा पहिला अध्याय बघा. मला उलट नैराश्यच खटकतं, नापास झालेला पोरगापण निराशच असतो की.

बडोदेकरीण: काकांना उदासीन म्हणा, उदास नाही. उदास माणसाला वाईट वाटत असतं. उदासीन म्हणजे उत् + आसीन, बाजूला बसलेला, त्याला कशाचं काही वाटतच नाही. फ्रंटल लोबमधून, म्हणजे मेंदूच्या कपाळामागच्या भागातून, पुढाकार येतो, तिथे मेनिंजिओमासारखी हळू वाढणारी गाठ असली तर कधीकधी डोकं दुखायच्या आधीच माणूस असा होतो आणि लोकांना डिप्रेशन वाटतं. आता ह्याचा अर्थ गाठवाल्यांना खरं डिप्रेशन येत नाही असा नाही, भरपूर येतं, निदानाचा धक्का असतो, मेंदूच्या सुजेवरचं डेक्सामेथासोन हे औषध मूड हलवतं, फिटवरच्या लेव्हेटिरॅसिटाम ह्या औषधानेही काहींची चिडचिड नाहीतर उदासी वाढते. पण डिप्रेशनवाल्यांपैकी बहुतेकांना गाठबिठ काही नसते, उगाच सगळ्यांनी एमआरआयला पळू नका. उतारवयात पहिल्यांदाच असं झालं, स्वभाव पालटला, सोबत सकाळची डोकेदुखी, उलट्या, फिट असं काही असलं तर मात्र डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं.

तात्या_ग्वाल्हेर: अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्श्विनचं आठवलं. डोकं दुखायचं, जळक्या रबराचा वास यायचा, तरी हिस्टेरियाच समजले. १९३७ च्या जुलैत ट्यूमरचं ऑपरेशन झालं आणि गेला, वय ३८.

रामबागकर: बापरे. काकू हेच सांगायच्या, "रडत नाहीत, चिडत नाहीत, पोहे ठेवले तर खातात, नाहीतर तसेच." उदासीन शब्द बरोबर बसतो. आणि आमचं 'मन लागत नाही'?

बडोदेकरीण: ते 'मन नहीं लगता'चं इंदुरी मराठी 😄 करमत नाही म्हणा. पण काकांना तेही लागू नाही, न करमणारा तक्रार तरी करतो.

रामबागकर: आमची आजी 'मन लागत नाही'च म्हणते, आता तिला कोण सुधारणार.