पाईक आणि त्याची मागे राहिलेली माणसं
असं सांगतात की अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या ज्या शिखराला झेब्युलन पाईक या अमेरिकी लष्करी अधिकारी-शोधप्रवाशाचं नाव आहे (पाईक्स पीक), त्यावर तो कधी चढलाच नाही. खरंय. नोव्हेंबर १८०६, कंबरेएवढा बर्फ, पायात मोजेसुद्धा नाहीत. मागे फिरला तेच शहाणपणाचं.

मला त्यानंतरचा हिवाळा जास्त अस्वस्थ करतो. हिमदंशाने पाय सडलेले दोन शिपाई मागे ठेवावे लागले. पुढे पाईकची माणसं त्यांच्याकडे गेली, तेव्हा या दोघांनी आपल्या पायांतून निघालेली हाडं त्यांच्याबरोबर पाईककडे पाठवली. आम्हाला इथे मरायला सोडू नका, एवढीच विनवणी. वाचताना पोटात कालवतं.

पुढे स्पॅनिश हद्दीत पाईकला स्पॅनिशांनी पकडलं, कागद जप्त केले. काही टिपणं त्याने शिपायांच्या बंदुकांच्या नळ्यांत दडवून परत आणली. १८१३ मध्ये अमेरिका-ब्रिटन युद्धात यॉर्कला, म्हणजे आजच्या टोरांटोत, दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला, त्यात दगड लागून तो गेला. वय अवघं ३४.