ज्यू स्त्रियांच्या संस्थेने राजकीय भूमिका घ्यावी का?

शर्मिला_एडिसन
‘नॅशनल कौन्सिल ऑफ ज्यूइश विमेन’ ही अमेरिकेतली 1893 सालची संस्था. गर्भपाताचा हक्क, मतदानाचे कायदे, न्यायाधीशांच्या नेमणुका, सगळ्यांवर ती उघडपणे बोलते. इथल्या बऱ्याच ज्यू कुटुंबांतून एक सूर ऐकू येतो की, धर्माच्या नावाने चालणाऱ्या बायकांच्या संस्थेने समाजसेवा करावी, राजकारणात पडू नये. मला हे साफ अमान्य आहे.

ही संस्था जन्मालाच भांडणातून आली. शिकागोची सर्वधर्मपरिषद आपल्याला विवेकानंदांमुळे माहीत आहे. त्याच परिषदेसाठी ज्यू स्त्रियांना एकत्र आणायचं काम हॅना सॉलोमन यांच्याकडे आलं. हाताशी यादी नाही, काही नाही. त्यांनी गावोगावच्या रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, स्वहस्ते पत्रं लिहिली आणि बायकांची नावं गोळा केली. पुरुषांच्या समितीने मात्र या बायकांना ज्यूंच्या मुख्य कार्यक्रमात बोलायला जागा दिली नाही. कॉफी वाढायचं काम पुढे केलं, असं संस्थेत आजही सांगतात. बायका उठून बाहेर पडल्या, स्वतःची परिषद भरवली आणि तिच्याच शेवटी ही संस्था काढली.

पुढे एलिस आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रावर, बोटीतून एकट्या उतरणाऱ्या मुलींना संस्थेच्या यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) बोलणाऱ्या बाया भेटत. जिथे जायचंय तो पत्ता खरा आहे का, घ्यायला आलेला ‘मामा’ खरंच मामा आहे का, हे बघत, कारण वेश्याव्यवसायात ढकलणारे दलाल धक्क्यावरच टपलेले असत. आता सांगा, या कामाला समाजसेवा म्हणायचं की राजकारण? रोज दलाल दिसणारी बाई कायदा मागणारच.

आणि गप्प राहून काय होतं तेही याच संस्थेच्या इतिहासात आहे. अमेरिकन स्त्रियांना 1920 मध्ये मताधिकार मिळाला. तोपर्यंत संस्थेने त्याला अधिकृत पाठिंबा दिला नाही. सभासदांत मतभेद होते म्हणून! कितीतरी सभासद स्वतः त्या चळवळीत होत्या, पण संस्था म्हणून पाटी कोरी. मला ही गोष्ट फार लागते.

नरेंद्र कु.
इतिहास छान सांगितलात, पण मूळ मुद्दा राहिला. संस्थेच्या नावात ‘ज्यू स्त्रिया’ आहे. मग ती बोलते तेव्हा कोणाच्या वतीने बोलते? ब्रुकलिनमधली सहा मुलांची सनातनी ज्यू आई ‘ज्यू स्त्री’ नाही का? 24 जून 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क देशभर मान्य करणारा रो विरुद्ध वेड निकाल उलटवला, तेव्हा ‘अगुदाथ इस्रायल’ या सनातनी संघटनेने स्वागत केलं. ‘ऑर्थोडॉक्स युनियन’ ही दुसरी सनातनी संघटना म्हणाली, आम्ही आनंदही करू शकत नाही आणि शोकही. आणि ही कौन्सिल महिनाभर आधी वॉशिंग्टनमध्ये गर्भपाताच्या हक्कासाठी ज्यूंचा मोर्चा काढून बसली होती. एका छोट्या समाजाचे बाहेरच्यांसमोर तीन आवाज. हे कोणाच्या फायद्याचं?

डॉ. मीनल
नरेंद्रजी, तीन आवाज ज्यू धर्मशास्त्रातच आहेत, ते या बायकांनी निर्माण केले नाहीत.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, म्हणून या विषयावर थोडं वाचलंय. मिश्नामध्ये, म्हणजे सुमारे अठराशे वर्षांपूर्वी संकलित झालेल्या ज्यू धर्मकायद्याच्या ग्रंथात, अडलेल्या बाळंतपणाचा प्रसंग आहे. आईच्या जिवावर बेतलं तर गर्भ पोटातच कापून काढावा, कारण तिचा जीव आधी. बाळाचा बराचसा भाग बाहेर आला असेल तर मात्र हात लावायचा नाही, तेव्हा दोन्ही जीव सारखे. इतकं नेमकं लिहिलंय की, वाचताना लेबर रूम डोळ्यांसमोर उभी राहते. तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथात, पहिल्या चाळीस दिवसांचा गर्भ पाण्यासारखा धरलाय. विसाव्या शतकातही रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी गर्भपात म्हणजे हत्याच मानली, आईचा जीव धोक्यात असेल तरच मुभा. उलट जेरुसलेमच्या रब्बी एलिएझर वाल्डेनबर्ग यांनी टे-सॅक्स या जीवघेण्या आनुवंशिक रोगाच्या गर्भासाठी सातव्या महिन्यापर्यंत परवानगी दिली. दोघंही सनातनीच.

‘गर्भधारणेपासून पूर्ण माणूस’ हे ज्यू शास्त्राचं मत नाही. एखादं राज्य तोच कायदा करतं तेव्हा ते दुसऱ्याच कोणाची श्रद्धा या बायकांवर लादतं. इंडियानात काही ज्यू स्त्रियांनी नेमक्या याच मुद्द्यावर, धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याखाली, दावा लावला. संस्थेने यावर बोलू नये, तर कोणी बोलावं?

नरेंद्र कु.
डॉक्टर, तुमचीच उदाहरणं घ्या. फाइनस्टाइन असोत वा वाल्डेनबर्ग, दोघांकडे बाई विशिष्ट अडचण घेऊन जाते आणि रब्बी त्या एका बाबतीत निर्णय देतो. ‘माझं शरीर, माझा निर्णय’ असं यात कुठेच नाही. कौन्सिल आधुनिक उदारमतवाद मांडते आणि वर मिश्नाचा शिक्का मारते. उदारमतवादी म्हणून खुशाल बोला, धर्माला मधे कशाला आणता?

डॉ. मीनल
रब्बीकडे जायचं तरी कायद्याने वाट मोकळी हवी ना? रब्बी हो म्हणाला आणि राज्याने डॉक्टरला तुरुंगाची भीती घातली, तर त्या ‘हो’चा उपयोग काय? ऑर्थोडॉक्स युनियनला शोकही करता येईना आणि आनंदही, त्यामागे हीच अडचण आहे.

पेणकर
आपल्याकडचं थोडं. कोकणातल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, स्त्रियांनी मुंबईत 1913 मध्ये स्त्री मंडळ काढलं होतं. आणि याच समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. बाळंतपणात बायका का मरतात याचा त्यांनी 1930 च्या दशकात अभ्यास केला, शिवाय 1925 मध्ये मुंबईत उदारमतवादी ज्यू प्रार्थनासंघ सुरू करण्यात पुढाकार घेतला. धर्म, वैद्यक आणि सार्वजनिक काम असे त्यांचे वेगवेगळे कप्पे नव्हते. आम्हाला त्यांचा अभिमानच आहे.

शरयू_पुणे
मी नरेंद्रजींच्या बाजूने, पण कारण वेगळं. प्रत्येक भूमिकेमागे आघाडी बांधावी लागते, आणि कठीण वेळी आघाडीतले लोक उभे राहतातच असं नाही. 7 ऑक्टोबर 2023 ला हमासच्या हल्ल्यात इस्रायली स्त्रियांवर लैंगिक अत्याचार झाले. संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाला हमासच्या हल्ल्याचा स्पष्ट निषेध करायला जवळपास आठ आठवडे लागले. जगभरच्या कितीतरी स्त्रीवादी संघटना गप्प होत्या. ज्यांच्या खांद्याला खांदा लावून ज्यू बायका वर्षानुवर्षं मोर्चांत चालल्या, त्याच गप्प. हे बघून एखादी सभासद म्हणाली की, आता आधी आपल्या माणसांचं बघू, तर तिला कोत्या मनाची कसं म्हणणार?

शर्मिला_एडिसन
शरयूताई, नाही म्हणणार. ती मौनं भयंकरच होती आणि मला त्यांचा अजून राग आहे. पण कौन्सिलच्या बायकांनी तेव्हा न्यूयॉर्कमध्ये या अत्याचारांविरुद्ध आवाज उठवला, तीही भूमिकाच होती. राजकारणात पडायचंच नाही हा नियम पाळला असता, तर तेही तोंडातून काढता आलं नसतं.

नरेंद्रजी, तुमचा प्रतिनिधित्वाचा प्रश्न खरा आहे. जनमत पाहण्या करणाऱ्या प्यू संस्थेच्या 2014 च्या पाहणीत अमेरिकेतले 83 टक्के ज्यू गर्भपात सर्व किंवा बहुतेक बाबतींत कायदेशीर असावा या मताचे होते. म्हणजे संस्था समाजातल्या मोठ्या बहुमताबरोबर आहे. उरलेल्यांचं काय? माझ्या मते ठराव प्रसिद्ध करताना ज्यू समाजातलं विरोधी मतही मान देऊन सोबत मांडावं. वाद जपून ठेवण्याची परंपरा त्यांच्यात आहेच. तालमूदमध्ये हरलेल्या बाजूचं म्हणणंही नोंदलेलं असतं.

नरेंद्र कु.
असं झालं तर माझा विरोध बराच उतरेल, मोकळेपणाने सांगतो. पण न्यायाधीशांच्या नेमणुकांचं तुम्ही बोलला नाहीत. अमुक माणसाला सर्वोच्च न्यायालयावर घेऊ नका म्हणून सिनेटरांच्या मागे लागणं, यात मिश्ना कुठे येते? हे सरळ पक्षीय राजकारण आहे.

शर्मिला_एडिसन
उमेदवाराला मत द्या किंवा देऊ नका असं सांगायला अशा करमुक्त संस्थांना कायद्यानेच बंदी आहे, आणि ती बंदी योग्य आहे. नेमणुकांवर बोलायला बंदी नाही. मिश्नातली ती बाई आज गर्भपातावर जवळपास पूर्ण बंदी असलेल्या टेक्ससमध्ये अडली असेल, तर तिचं काय होणार हे त्या नेमणुकांवरच ठरलंय. रो उलटवणाऱ्या पाच न्यायाधीशांपैकी तिघं 2017 ते 2020 या काळात नेमलेले. त्या वेळी गप्प बसून 2022 मध्ये मोर्चा काढायचा, हे मला तरी जमलं नसतं.