आयएसक्यू दर वेळी वेगळा का येतो?

प्रश्न: खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट (कृत्रिम दातासाठी हाडात बसवलेला स्क्रू). बसवताना आयएसक्यू (इम्प्लांट हाडात किती घट्ट आहे ते सांगणारा आकडा; जास्त म्हणजे घट्ट) ७२, तीन आठवड्यांनी ६४. लगेच पुन्हा मोजला तर ५८. इम्प्लांट सैल होतोय का?

उत्तर १: ७२ वरून ६४ ही घसरण अपेक्षितच. जुनं हाड झिजतं, नवं अजून पक्कं झालेलं नसतं. ५८ मात्र संशयास्पद. पेग (मोजण्यासाठी इम्प्लांटमध्ये फिरवून बसवायचा चुंबक असलेला छोटा खुंट) त्याच इम्प्लांटच्या मापाचा आहे ना? हातानेच, ४ ते ६ न्यूटन-सेंटिमीटर इतकाच घट्ट करा. पेग आणि इम्प्लांटच्या मध्ये रक्त किंवा हिरडी अडकली तर आकडा पडतो.

उत्तर २: प्रोब (मोजणी यंत्राचं टोक) पेगच्या चुंबकापासून २-४ मिमी दूर, न टेकवता. गाल-जीभ आणि पुढे-मागे, दोन्ही दिशांनी मोजा. कमी आकडा धरा. ६० खाली राहिला तर इम्प्लांटवर दात बसवून चावण्याचा भार नकोच.