हिमनदीच्या तोंडाशी फक्त अळ्याच अळ्या, हे पाणी प्रदूषित कसं?

ओलेमोजे: प्रबंधासाठी हिमनदीतून निघणाऱ्या ओढ्यातले किडे गोळा करतेय. खाली झाडीपाशी मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय सगळे मिळतात. अगदी वर, बर्फाच्या तोंडाशी मात्र कायरोनोमिडच्या (डासांसारख्या, पण न चावणाऱ्या माश्या) बारीक अळ्या, बाकी शून्य. किड्यांवरून पाण्याची शुद्धता ठरवणाऱ्या गुणांकनाच्या तक्त्यात टाकलं की वरचं पाणी 'प्रदूषित'! तिथे तर माणूसही फिरकत नाही. नमुने परत घेऊ का?

दगडपलटे: नमुने ठीक आहेत, तक्ता बाजूला ठेवा. तो कायरोनोमिडचं अख्खं कुटुंब एकाच तागडीत टाकतो: घाण सोसणारे म्हणून गुण कमी. तुमच्या अळ्या बहुतेक डायमेसा, म्हणजे त्याच कुटुंबातल्या एका गटाच्या असणार, आणि त्या थंडीच्या पक्क्या रहिवासी. मिलनर आणि पेट्स या संशोधकांनी १९९४ साली हेच मांडलं होतं: पाण्याचं कमाल तापमान २ अंश सेल्सिअसच्या आत असेल तिथे डायमेसाचंच राज्य. खाली पाणी उबदार होत जातं, तळ स्थिरावतो, तशी बाकीची मंडळी येतात. वर दगड सारखे गडगडत असतात, कोण टिकणार?

तेव्हा तापमानाचा लॉगर (सतत नोंद ठेवणारं यंत्र) लावाच. अळ्यांच्या डोक्याच्या स्लाइड करून निदान प्रजातीगटापर्यंत ओळख पटवा. 'कायरोनोमिड' एवढंच लिहून सोडलंत तर सगळी गंमत त्यातच बुडते. जाळी ५०० मायक्रॉनची असेल तर कोवळ्या अळ्या निसटतात, २५० ची घ्या. आणि नमुने ठेवलेलं अल्कोहोल दुसऱ्या दिवशी बदला, किड्यांच्या अंगातल्या पाण्याने ते पातळ होतं.

भिंगवाला: सकाळी लवकर जा. दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं, गढूळही होतं. सकाळी सहज ओलांडलेला ओढा परतताना ओलांडता येत नाही.

ओलेमोजे: लॉगर आहे, लावते. खालच्या नमुन्यात दोन शेपट्यांची सगळी पिल्लं मी स्टोनफ्लायमध्ये टाकलीत, चालेल ना?

दगडपलटे: नाही हो! एपिओरस हा मेफ्लाय असूनही दोनच शेपट्या मिरवतो. पायाचं टोक बघा: एक नखी तर मेफ्लाय, दोन तर स्टोनफ्लाय. शिवाय मेफ्लायचे कल्ले पोटाच्या कडेने पानांसारखे रांगेत असतात. अजून एक, धारेतल्या गुळगुळीत दगडावर चपटी, खाचाखाचांची अळी दिसली तर उलटून बघा. पोटाखाली एका ओळीत सहा चूषक असले तर ती ब्लेफॅरिसेरिड, वेगवान धारेत राहणाऱ्या एका माशीची अळी. चिमट्याने ओढू नका, फाटते; मऊ ब्रशने बाजूने सरकवा.

ओलेमोजे: अशा दोन आहेत बाटलीत! 'इतर'मध्ये टाकल्या होत्या. काढते बाहेर.