छे, कसं शक्य आहे! तुम्हाला चकित करून गेलेल्या गोष्टी

परवा मुलीच्या प्रोजेक्टसाठी कालपट्टी काढायला बसले. गिझाचा मोठा पिरॅमिड आणि क्लिओपात्रा माझ्या डोक्यात कायम शेजारी-शेजारी होते, दोन्ही इजिप्तचेच ना! पिरॅमिड इ.स.पू. २५६० च्या सुमाराचा, आणि क्लिओपात्रा वारली इ.स.पू. ३० मध्ये. मध्ये अडीच हजार वर्षं! तिच्यापासून पुढे माणूस चंद्रावर उतरला त्या १९६९ पर्यंत मोजलं, तर १९९८ भरली. म्हणजे ती पिरॅमिडपेक्षा चंद्रावरच्या माणसाला जवळची. मी पुन्हा मोजायला लागले, तर मुलगी म्हणते, "आई, पट्टी बरोबर आहे गं."

तुमचंही असं कधी झालं असेलच. लिहा. फक्त कोरडी माहिती नको, ती कळल्यावर काय झालं तेही सांगा.

*

पिरॅमिडचा विषय निघालाच आहे तर हे घ्या. तो बांधून झाला तेव्हा पृथ्वीवर मॅमथ जिवंत होते! आर्क्टिकमधल्या रँगल बेटावर त्यांचा शेवटचा कळप साधारण ४००० वर्षांपूर्वीपर्यंत तग धरून होता. हे मी जेवताना सांगितलं, तर भावाने विचारलं, "मग दगड ओढायला हत्तीऐवजी तेच का नाही नेले?" त्या दिवसापासून घरात मी काही सांगत नाही.

*

मी गणित शिकवते. दरवर्षी नव्या वर्गात पैज लावते की इथे दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असणार. मुलं हसतात, ३६५ दिवस आणि आपण जेमतेम चाळीस! खरं तर २३ जणांतच ही शक्यता निम्म्याच्या वर जाते आणि चाळिसांत ८९ टक्क्यांवर. कारण प्रश्न 'माझ्या तारखेला कोण' हा नसतोच, 'कुठल्याही दोघांची जुळते का' हा असतो, आणि २३ जणांच्या जोड्या होतात २५३. एकदाच हरले. त्या वर्षी वर्गाने पेढ्यांऐवजी गृहपाठ माफ करून घेतला. अजून ते आठवून चरफडते.

*

कागद सातपेक्षा जास्त वेळा दुमडता येत नाही हे मी वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगायचो. एकदा पुतण्याने तोंडावर सांगितलं की ब्रिटनी गॅलिव्हन नावाच्या शाळकरी मुलीने २००२ साली बारा घड्या घालून दाखवल्यात, त्यासाठी तिला सुमारे बाराशे मीटर लांब टॉयलेट पेपर लागला. मग आम्ही कॅलक्युलेटर घेतला. ०.१ मिलिमीटर जाडीचा कागद ४२ वेळा दुमडता आला, तर थर होतो जवळपास ४ लाख ४० हजार किलोमीटर. चंद्र आहे ३ लाख ८४ हजारांवर! पुतण्या म्हणाला, "काका, एक घडी कमी घातली असती तर?" निम्म्यावरच की.

*

आमच्या ऑफिसात फॅक्स मशीन आलं तेव्हा सगळे कौतुकाने भोवती उभे होते, केवढं आधुनिक! त्याचं पेटंट अलेक्झांडर बेनने १८४३ सालीच घेतलं होतं, म्हणजे बेलच्या टेलिफोनच्या तेहतीस वर्षं आधी, हे निवृत्त झाल्यावर कळलं.

*

माझा अनुभव उलटा आहे. चीनची भिंत अंतराळातून नुसत्या डोळ्यांनी दिसते, हे मी एका वक्तृत्व स्पर्धेत ठणकावून सांगितलं आणि बक्षीसही मिळवलं. पुढे २००३ मध्ये चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई परत आला आणि म्हणाला, मला काही दिसली नाही. भिंत लांब असली तरी रुंदीला काही मीटरच, आणि रंग आजूबाजूच्या मातीचाच, दिसणार कशी? बक्षीस अजून कपाटात आहे.

*

शुक्रावरचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा असतो! स्वतःभोवती फिरायला २४३ दिवस, सूर्याभोवती २२५. हे वाचलं त्या रात्री गच्चीवर जाऊन शुक्र शोधला.

*

वरच्या प्रतिसादात थोडी भर. तिथे उभं राहून एका सूर्योदयापासून पुढचा सूर्योदय मोजलात, तर ११७ दिवसच लागतात, कारण शुक्र उलटा फिरतो. सूर्यही पश्चिमेला उगवतो. आणि रात्री गच्चीवर म्हणजे किती वाजता? मध्यरात्री गेला असाल तर तुम्ही पाहिलात तो बहुतेक गुरू होता.